जुन्या गाडींतील परकें इंजिन कसें ओळखावें?

दारावर एकाचें नांव असावें आणि घरांत राहणारा कोणी निराळाच निघावा, असा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांना आला असेल. जुन्या मोटारगाड्यांची गोष्टहि अशीच आहे. गाडीच्या नाकावर एका कारखान्याचें नांव झळकत असतें, दाराजवळच्या पट्टीवर तिचा क्रमांक असतो. परंतु बॉनेट उचललें म्हणजे आंत बसलेलें इंजिन तिच्याबरोबरच जन्मलें, असें छातीवर हात ठेवून कोणीहि सांगूं शकत नाहीं. विकणारा म्हणतो, "अगदीं मूळचें आहे." तोहि बहुधा खोटें बोलत नसतो, त्याला जसें सांगितलें गेलें तसें तो पुढें सांगतो. अशा वेळीं त्या मुक्या लोखंडालाच बोलतें करावें लागतें. तें कसें करावें, हें आज एका विशिष्ट गाडीच्या निमित्तानें पाहूं.

समजा, आपल्यापुढें १९५० सालची शेव्हरोले कंपनीची अर्ध्या टनाची पिकअप उभी आहे. पुढें दोघांतिघांना बसण्यापुरती खोली आणि मागें माल भरण्यास उघडी हौद, असा हिचा घाट. कंपनीनें ह्या बांधणीच्या गाड्या १९४७ च्या उन्हाळ्यांत बाजारांत आणिल्या आणि बारीकसारीक फेरफार करीत १९५५ च्या आरंभापर्यंत चालविल्या. अमेरिकेंतील शेतकऱ्यांनीं त्यांतून धान्य, दूध, कुंपणाचे खांब, वासरें, सर्व कांहीं वाहिलें. शेव्हरोले हें नांव आपल्या मुंबईलाहि परकें नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं शिवडी येथें गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला होता, आणि १९५४ सालीं तो बंद होईपर्यंत शेव्हरोले गाड्या तेथून बाहेर पडत असत. तेव्हां कांहीं वाचकांच्या पणजोबांनीं ह्या घराण्याच्या इंजिनाचा आवाज ऐकिला असेल.

१९५० च्या ह्या पिकअपमध्यें कारखान्यानें जें इंजिन बसविलें होतें त्याला २१६ म्हणत. हा आंकडा म्हणजे त्याचें आकारमान होय. सहा सिलिंडर एका ओळींत उभे. प्रत्येकांत पिस्टन खालपासून वरपर्यंत जातांना जेवढी जागा व्यापतो, त्या साही जागांची बेरीज सुमारें २१६ घन इंच, म्हणजे साडेतीन लिटरांहून किंचित् अधिक भरते. ह्या इंजिनावरील कांहीं बोल्ट घरांतल्या लोखंडी चुलींच्या बोल्टांसारखे दिसत. त्यावरून अमेरिकन लोकांनीं ह्या सर्व घराण्याला 'स्टोव्हबोल्ट' असें लाडकें नांव ठेविलें आणि तें अजून टिकून आहे.

ह्या २१६ ला दोन थोरले भाऊ होते. एक २३५ घन इंचांचें आणि दुसरें २६१ घन इंचांचें. तोंडावळा इतका सारखा कीं परक्याला तिघांत भेद दिसूं नये. आणि गाडींतील बसण्याच्या जागाहि जवळजवळ सारख्या. त्यामुळें शेतकऱ्याचें मूळ इंजिन झिजलें म्हणजे तो भंगारवाल्याच्या आवारांत जाई आणि मोडक्या गाडींतलें धाकटें किंवा थोरलें, जें हाताशीं येईल तें आणून बसवी. कागदावर तो तें कशाला लिहील? काम भागलें, गाडी शेतावर गेली. पुढें गाडी विकली गेली, पुन्हां विकली गेली, आणि इंजिनाचें खरें नांव वाटेंत कोठें तरी गळून पडलें.

आतां कोणी विचारील कीं, नांव कळलें नाहीं म्हणून बिघडलें काय? गाडी चालते ना? बिघडतें तें असें. २१६ च्या कनेक्टिंग रॉडांच्या खालच्या टोकांत सुटे शेल नसतात. तेथें बॅबिट नांवाची मऊ मिश्रधातु वितळवून रॉडांतच ओतलेली असते. तिला तेल पोंचतें तें दाबानें क्रँकच्या पोटांतून नव्हे. रॉडाच्या टोकाला एक लहानशी पळी असते. ती फिरतां फिरतां खालच्या पन्हळींतलें व नळींतून उडणाऱ्या धारेचें तेल उचलून घेते. शेतावर, गांवच्या रस्त्यावर, ही व्यवस्था वर्षानुवर्षें उत्तम चालली. परंतु ह्या पिकअपच्या मागच्या आंसाचें प्रमाण ४.११ ला १ असें असे. त्या हिशेबानें ताशीं ६० मैलांच्या वेगास इंजिनाला मिनिटाला सुमारें ३००० फेरे घ्यावे लागतात. आजच्या महामार्गावर तासन् तास ह्याच वेगानें गाडी दामटली तर पळीनें उचललेलें तेल पुरें पडत नाहीं, बॅबिट तापतें, वितळतें आणि रॉड ठोठावूं लागतो. नव्यानें बॅबिट ओतून देणारे कारागीरहि आतां फार थोडे उरले आहेत. ह्याच्या उलट, १९५४ पासूनच्या २३५ मध्यें रॉडांना दाबानें तेल मिळतें व बदलतां येणारे शेल असतात. तें इंजिन तोच वेग पुष्कळ वेळ सोसतें. म्हणजे २१६ ला २३५ समजणें ही केवळ नांवाची चूक नव्हे. ती आडरानांत गाडी बंद पाडणारी चूक आहे.

मग ओळखीला प्रारंभ कोठून करावा? गाडीच्या उजव्या अंगाला उभे रहा. प्लग, डिस्ट्रिब्यूटर आणि स्टार्टर ह्याच बाजूला आहेत. येथें इंजिनाच्या कुशीला पत्र्याचें एक लांबट झांकण दिसेल. त्याच्याआड व्हॉल्व्ह हालविणाऱ्या काठ्या असतात. हें झांकण उंच असून हेडपर्यंत पोंचलें असेल आणि प्लग त्याच्या कापलेल्या खांचांतून बाहेर डोकावत असतील, तर इंजिन जुन्या पिढीचें. तें आंखूड असून प्लगांच्या खालींच संपत असेल, तर इंजिन १९५३-५४ नंतरच्या नव्या पिढीचें. तसेंच माथ्यावरचें व्हॉल्व्हांचें झांकण पहावें. २१६ वर तें मधोमध वरून दोन नटांनीं आवळलेलें असतें. नव्या २३५ वर कडेला चार स्क्रू असतात. मात्र माथ्यावरचें झांकण कोणीहि बदलूं शकतो. कुशीचें झांकण तसें सहज बदलत नाहीं, कारण ब्लॉक व हेड यांची ओतीव घडणच तेथें निराळी असते. म्हणून दोन साक्षीदारांत मतभेद झाला तर कुशीच्या झांकणाची साक्ष अधिक मोलाची समजावी.

गाडी चालवितांनाहि एक गोष्ट ध्यानांत येते. १९५० च्या गाडींतील तेलाच्या दाबाचा कांटा ३० पौंडांपर्यंतच जातो, कारण २१६ चा दाब चालत्या गाडींत पंधरा पौंडांच्या आसपास असणें हेंच निरोगीपणाचें लक्षण होय. गाडी सुरू करतांच तोच जुना कांटा ३० च्या टोकाला जाऊन चिकटून बसला, तर खालीं दाबानें तेल पुरविणारें परकें इंजिन आहे असा दाट संशय घ्यावा. (अडाणी मालक अशा वेळीं कांटा बिघडला म्हणून तो बदलीत बसतो!) पाण्याच्या पंपाकडेहि एक नजर टाकावी. १९५५ नंतरचें २३५ जुन्या पिकअपमध्यें बसवितांना पंखा रेडिएटरशीं नीट जमत नाहीं. म्हणून कित्येक लोक पंप व ब्लॉक यांच्यामध्यें जाड लोखंडी पट्टी घालून जुन्या घाटाचा पंप बसवितात. अशी पट्टी दिसली कीं ती मागल्या एखाद्या मिस्त्रीची सहीच समजावी.

येथवर सर्व सोपें वाटलें; परंतु एक फसवी जागा आहे. २३५ हें कांहीं १९५४ सालींच जन्मलेलें नव्हे. १९४१ पासून मोठ्या मालगाड्यांत कंपनी २३५ घन इंचांचें इंजिन बसवीत होती, आणि तें जुन्याच पद्धतीचें, म्हणजे बॅबिट ओतलेलें, पळीनें तेल उचलणारें आणि कुशीला उंच झांकण असलेलें होतें. बाहेरून पाहणारा त्याला २१६ समजेल. उलट, विकणारा "हें २३५ आहे" असें शपथेवर सांगेल, तें अक्षरशः खरेंहि असेल, आणि तरीहि घेणारा ज्या गुणासाठीं २३५ शोधीत होता तो गुण त्यांत नसेल. आंकडा खरा असून भागत नाहीं. कोणत्या सालचा आंकडा, हेंहि विचारावें लागतें.

ह्यासाठीं लोखंडावरील लेख वाचावे लागतात. हे लेख दोन प्रकारचे. आपल्या घरांतील तांब्यापितळेचीं भांडीं आठवा. एखाद्या पातेल्यावर कारखान्याचा छाप असतो आणि त्याच्याच शेजारीं लग्नांत आहेर करणाऱ्यानें टोंचून घातलेलें नांव व तारीख असते. पहिला छाप भांडें कोठलें तें सांगतो. दुसरा, तें कोणाकडे व केव्हां गेलें तें सांगतो. इंजिनाचेंहि तसेंच आहे. ब्लॉक ओततांना सांच्यांतूनच उठून आलेले फुगीर आंकडे व अक्षरें तो ब्लॉक कोणत्या जातीचा व कोणत्या दिवशीं ओतला हें सांगतात. नंतर इंजिन जुळवून पुरें झाल्यावर सपाट जागीं ठोकलेला खोलगट क्रमांक, तें जुळलेलें इंजिन कोणतें हें सांगतो. आपल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनावर हा ठोकलेला क्रमांक उजव्या अंगाला, डिस्ट्रिब्यूटरच्या मागील एका उंचवट्यावर सांपडतो. फुगीर लेखहि त्याच अंगाला शोधावे.

शोधावे म्हणणें सोपें आहे. सत्तर वर्षांचें तेल आणि धूळ यांचा तेथें बोटभर थर असतो. लाकडाच्या चिपेनें तो खरवडावा, रॉकेल लावून तारेच्या ब्रशानें घासावा आणि कोरडा झाल्यावर फुगीर आंकड्यांवरून पांढरा खडू आडवा फिरवावा. अक्षरें काळ्या फळ्यावर लिहिल्यासारखीं उठून येतात. तरीहि वाचतां येत नसतील तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासावी. नाण्याचा ठसा कागदावर घेण्याचा खेळ खेळलेल्या मुलांस हें शिकविण्याचें कारण नाहीं. मात्र एक पथ्य पाळावें. वाचलेला आंकडा लगेच कागदावर लिहावा, आणि आपण तो कोणता असावा अशी अपेक्षा करीत होतों हें दुसऱ्यास न सांगतां त्याजकडून पुन्हां वाचवून घ्यावा. आठाचा तीन आणि सहाचा शून्य करण्यांत आपली आशा फार पटाईत असते.

ओतल्याची तारीख वाचण्याची पद्धति अशी. पहिलें अक्षर महिन्याचें. इंग्रजी वर्णमालेंतील ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणें एल म्हणजे डिसेंबर. पुढें दिवस आणि शेवटीं सालाचा केवळ एकच आंकडा. समजा, आपणांस 'सी १७ ४' असें दिसलें. म्हणजे मार्च महिन्याची १७ तारीख आणि साल चारानें संपणारें. पण कोणतें? १९४४ कीं १९५४? येथें लोखंड अर्धेंच बोलतें आणि बाकीचें आपण तर्कानें भरून काढावयाचें असतें. कुशीचें झांकण आंखूड आहे, म्हणून १९४४ शक्य नाहीं. १९६४ म्हणावें तर तत्पूर्वींच कंपनीनें आपल्या अमेरिकन गाड्यांसाठीं निराळ्या घडणीचीं सहा सिलिंडरांचीं इंजिनें काढलीं होतीं. राहतां राहिलें १९५४. आणि गाडी तर १९५० ची! गाडी जुळल्यानंतर चार वर्षांनीं ओतलेलें इंजिन तिच्यांत मूळचें कसें असेल? ओतल्याची तारीख गाडीच्या जुळणीच्या कांहीं आठवडे आधींची असणें स्वाभाविक आहे. ती नंतरची निघाली कीं वाद मिटला.

एवढ्यानेंहि शंका राहिलीच, तर अखेरचें न्यायालय म्हणजे मोजपट्टी. हेड काढून सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, आणि पिस्टनची वरपासून खालपर्यंतची चाल, म्हणजे स्ट्रोक, हीं दोन मापें घ्यावीं. २१६ चा बोअर ३.५ इंच व स्ट्रोक ३.७५ इंच. २३५ चा बोअर ३.५६२५ व स्ट्रोक ३.९३७५ इंच. २६१ चा स्ट्रोक २३५ एवढाच, पण बोअर ३.७५ इंच. वर्गांत शिकलेलें वृत्तचितीचें घनफळ येथें उपयोगी पडतें. ३.५ चा वर्ग १२.२५, त्यास ०.७८५४ नें गुणिलें कीं वर्तुळाचें क्षेत्रफळ ९.६२ चौरस इंच, त्यास ३.७५ नें व मग सहानें गुणिलें कीं २१६.५ घन इंच. इतर दोघांचा हिशेब वाचकांनीं स्वतः करून पहावा, २३५.५ आणि २६०.९ अशीं उत्तरें आलीं पाहिजेत.

मात्र केवळ बोअर मोजून जो निकाल देईल तो फसेल. सिलिंडर झिजले म्हणजे मिस्त्री ते आंतून कापून थोडे रुंद करतात. इंचाच्या ३० किंवा ६० सहस्रांशांनीं कापण्याची वहिवाट आहे. आतां गंमत पहा. २१६ चा ३.५ इंचांचा सिलिंडर ६० सहस्रांशांनीं कापला कीं तो ३.५६० इंच होतो, आणि २३५ चा न कापलेला सिलिंडर असतो ३.५६२५ इंच! दोहोंत अडीच सहस्रांशांचा फरक. जुन्या, झिजलेल्या सिलिंडरांत तो हातीं लागणें कठीण. पण स्ट्रोक तसा बदलत नाहीं. तो क्रँकच्या घडणींत असतो आणि झिजेनें वाढत नाहीं. २१६ आणि २३५ यांच्या स्ट्रोकांत इंचाचे तीन षोडशांश इतका फरक आहे, तो शाळेंतल्या फुटपट्टीवरहि दिसतो. ज्यांच्याजवळ मीटरची पट्टी आहे त्यांस याहून सोपें: २३५ चा स्ट्रोक बरोबर १०० मिलिमीटर भरतो, २१६ चा ९५ हून किंचित् अधिक. म्हणून २१६ व २३५ यांचा तंटा स्ट्रोकनें तोडावा आणि २३५ व २६१ यांचा बोअरनें.

बॉनेट उघडतांच सहांची एक ओळ न दिसतां चार-चारांच्या दोन तिरप्या रांगा दिसल्या, तर अर्धा निवाडा पाहतांक्षणींच झाला. शेव्हरोलेनें पिकअपमध्यें आठ सिलिंडरांचें व्ही-इंजिन प्रथम दिलें तें १९५५ च्या नव्या बांधणींत. तेव्हां १९५० च्या गाडींतील असें इंजिन निश्चितच परकें. पण कोणाचें? डिस्ट्रिब्यूटर मागें, भिंतीला लागून असेल तर शेव्हरोलेचें असण्याचा संभव मोठा. फोर्डच्या त्याच आकाराच्या इंजिनांत तो पुढें असतो. व्हॉल्व्हांच्या प्रत्येक झांकणाच्या कडेला चार बोल्ट असतील तर शेव्हरोलेचें लहान व्ही-आठ, सात असतील तर मोठें. हेडांच्या पुढच्या तोंडावर डायनमोसारखीं जोडयंत्रें बसविण्याचीं भोकें असतील, तर तीं हेडें १९६९ पासूनचीं.

ब्लॉकच्या मागच्या कांठावर, गिअरबॉक्स जेथें जोडला जातो तेथें, डाव्या अंगाला फुगीर आंकडा असतो. तेथें ३९७००१० हा आंकडा फार वेळां सांपडतो आणि तो वाचून पुष्कळांना हर्ष होतो कीं आपलें इंजिन ३५० घन इंचांचें निघालें. हर्ष घाईचा आहे. ह्याच आंकड्याच्या ब्लॉकांतून कंपनीनें ३०२, ३२७ आणि ३५० अशीं तिन्ही इंजिनें बांधलीं. तिघांचा बोअर चार इंच. भेद तो क्रँकचा. स्ट्रोक ३ इंच असला तर ३०२, ३.२५ असला तर ३२७, ३.४८ असला तर ३५०. ब्लॉक हें नुसतें घर आहे. आंत राहणारा कोण हें घराच्या क्रमांकावरून ठरत नाहीं. उजव्या हेडच्या पुढें एक सपाट जागा असते, तिच्यावर ठोकलेला लेख अधिक बोलका: पहिलें अक्षर कारखान्याचें, व्ही म्हणजे मिशिगनमधील फ्लिंट, टी म्हणजे न्यूयॉर्क संस्थानांतील टोनावांडा, मग जुळणीचा महिना व दिवस, शेवटचीं दोनतीन अक्षरें तें इंजिन कोणत्या गाडीसाठीं व किती शक्तीचें बांधलें तें सांगतात. परंतु ही जागा हेड बसण्याच्या पृष्ठभागाशीं समपातळींत असल्यामुळें ब्लॉक वरून तासला कीं लेखहि तासला जातो; आणि तासलेल्या जागीं कांहीं लबाड लोक मोलाचीं अक्षरें पुन्हां ठोकतात, कारण दुर्मिळ इंजिनाला बाजारांत भाव असतो. अक्षरांची ओळ वांकडी, आकार असमान, किंवा ठोकलेली तारीख ओतल्याच्या तारखेच्या आधींची दिसली, तर तो लेख साक्षींतून वगळावा.

आईबापांनीं ध्यानीं ठेवण्यासारखी एक बाब कागदपत्रांची. पूर्वीं अमेरिकेंतील कित्येक संस्थानांत गाडीची मालकी इंजिनाच्या क्रमांकावरच नोंदविली जात असे. इंजिन बदललें कीं कागद एक सांगे आणि लोखंड दुसरें. आपल्या देशांत नोंदणीच्या दाखल्यावर चासीचा क्रमांक व इंजिनाचा क्रमांक असे दोन्ही असतात, आणि इंजिन बदलल्यास तें परिवहन कार्यालयांत रीतसर नोंदवावें लागतें. जुनी जीप वा मालगाडी घेतांना रॉकेल, ब्रश व खडू घेऊन जावें आणि पैसे मोजण्यापूर्वीं दोन्ही क्रमांक दाखल्याशीं ताडून पहावे. विकणाऱ्याला राग आला तर येऊं द्यावा.

आतां आपल्या पिकअपकडे परत वळूं. आंखूड झांकण, ३० वर चिकटलेला कांटा, 'सी १७ ४' ही तारीख, १०० मिलिमीटरांचा स्ट्रोक आणि ३.५९२५ इंचांचा बोअर, एवढें आपल्या वहींत जमलें. म्हणजे १९५४ सालीं ओतलेलें, दाबानें तेल घेणारें २३५, एकदां ३० सहस्रांशांनीं कापलेलें. नव्या रिंगा व पिस्टन मागवितांना त्याच मापाचे मागवावे, नाहींतर पार्सल परत पाठविण्याचा खर्च आपल्याच माथीं. हीं सर्व मापें, मोजल्याची तारीख घालून, पितळेच्या लहान पट्टीवर टोंचून घ्यावीं आणि ती पट्टी बॉनेटखालच्या भिंतीवर दोन स्क्रूंनीं बसवावी. पुढें ही गाडी ज्याच्या घरीं जाईल त्याला हेड उघडण्याचें कारण उरणार नाहीं.